कुणी हटकलं नाही: वाई ते मिरज

शुक्रवार

मे महिन्यात पुण्याहून दक्षिणेला निघालेल्या गाड्या सुरूर फाट्याला वळतात त्या पाचगणी-महाबळेश्वरसाठी. आम्ही वळलो ते वाईतच थांबायला. पसरणी घाट चढायचा नव्हता, त्यामुळे घाटातल्या रांगेची चिंता नव्हती.

या प्रवासामागे घरातला एक जुना वाद आहे. मी तालुक्याच्या गावात वाढलो, बायको गिरगावात. मी लहानपणाचं काही सांगायला लागलो की ती म्हणते, "झालं. आता विहीर, चिंचा आणि मारुतीचं देऊळ." लेक अकरा वर्षांची आहे आणि दोघांचंही ऐकून कंटाळली आहे. शेवटी ठरलं की माझं गाव सोडून दुसरी गावं बघायची, कारण माझ्या गावात मी काही तटस्थ राहणार नाही. वाई, औंध, किर्लोस्करवाडी, मिरज अशी वाट निघाली.

मला चिंचा दाखवायच्या नव्हत्याच. माझं म्हणणं वेगळं आहे. लहान गावात मोठ्या माणसांची कामं उघड्यावर चालतात आणि पोराला तिथे घुटमळता येतं. सुताराकडे, छापखान्यात, नदीवर, भजनात. कुणी विचारत नाही की इथे का उभा आहेस, फार तर "जरा बाजूला हो" म्हणतात. शहरातही हे सगळं असतं, पण तिथे वेळ ठरवून, फी भरून, आईबापांनी सोडा-आणायचं बघून. "हे सिद्ध करून दाखव," बायको म्हणाली.

वाईत मित्राच्या मावशींकडे उतरलो. गाडी कुठे लावू विचारलं तर म्हणाल्या, "लावा की दारात. कोण काय करतंय?" संध्याकाळी बाजारातून फिरलो. हळद आणि गुळाची जुनी पेठ आहे ही. जेवणं झाली आणि झोपलो.

शनिवार

सकाळी सातला कृष्णेवर. वाईचे घाट ओळीनं आहेत आणि प्रत्येकाचं नाव त्या आळीवरून: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. हिवाळा सरताना एकेका घाटावर कृष्णाबाईचा उत्सव होतो. मांडव पडतो, कीर्तनं होतात, जेवणावळी उठतात. एक घाटाचा आटोपला की दुसऱ्याचा. मावशी सांगत होत्या, लहानपणी आपल्या घाटाचा उत्सव दुसऱ्यांपेक्षा भारी झाला पाहिजे यावरून शाळेत भांडणं व्हायची. वाढायला घ्यायचे ते पोरांनाच. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात मिठाचं ताट द्यायचं आणि पंगतीत सोडायचं. मीठ वाढणारा पुढच्या वर्षी कोशिंबीर, मग भात. बढतीच ती.

बायकोनं घाटांची नावं पुन्हा म्हणून बघितली आणि विचारलं, "ब्राह्मणशाही, गणपती आळी, ठीक आहे. बाकीच्यांनी कुठे उतरायचं?" प्रश्न बरोबर होता. आज कुणीही कुठेही उतरतं, पण ही गावं बांधली गेली तेव्हा कुणाचे पाय कुठल्या पायरीपर्यंत, हे ठरलेलं होतं. 'दारं उघडी होती' असं म्हणताना ती कुणाला उघडी होती हेही म्हणायला हवं. माझ्या वादात एक खिळा इथेच ढिला झाला.

ढोल्या गणपतीचं देऊळ थेट नदीकाठी आहे. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी ते १७६२ साली बांधलं. गणपती एकाच दगडातला, नावाप्रमाणे ऐसपैस. पण मला लेकीला दाखवायची होती देवळाची मागची बाजू. ती माशासारखी निमुळती केलेली आहे. पूर आला की पाण्याचा लोंढा त्या टोकावर दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो, सपाट भिंतीवर आदळत नाही. तिनं भिंतीच्या कडेनं हात फिरवत एक फेरी मारली. "बोटीसारखं," ती म्हणाली. बरोबर, फक्त इथे बोट जागच्या जागी आणि नदी पुढे जाते. पाण्याचा जोर कसा मोडायचा हे पुस्तकात यायच्या आधी वाईच्या पोरांनी दर पावसाळ्यात इथे उभं राहून बघितलेलं असतं.

पाणी फार स्वच्छ नव्हतं. कडेला जलपर्णी होती, एका कोपऱ्यात निर्माल्याच्या पिशव्या. धोम धरण वरच्या अंगाला आहे, तिथून सोडतील तसं पाणी. नदीचं जे काही केलंय ते बघून राग येतो, आणि तो इथे नोंदवतो. पोरांना मात्र त्याचं सोयरसुतक नव्हतं. सात-आठ जण घाटावरून मुटके मारत होते. मुटका बघायला जवळ उभं राहावं लागतं: पोरगं चार पावलं पळत येतं, हवेत गुडघे छातीशी घेतं, दोन्ही हातांनी नडग्या आवळतं आणि बुडावर पाण्यात पडतं. आवाज तोफेसारखा आला पाहिजे आणि पाणी कुठवर उडालं यावर मार्क. एका लहानग्याच्या पाठीला प्लास्टिकचा रिकामा कॅन बांधला होता. मी शिकलो तेव्हा वाळका भोपळा असायचा. मावशींच्या वेळेलाही भोपळाच, पण त्यांच्या भावांच्या पाठीला.

"आणि तुमच्या?" बायकोनं विचारलं.

"आम्ही धुणं आणायचो. गुडघाभर पाण्यात. पोहायला कोण सोडतंय?"

लेक तरणतलावात पोहणारी. तिला पाण्यात उतरायचं होतं, पण टोपी आणि चष्मा नव्हता म्हणून थांबली. पोरांपैकी एकानं तिला विचारलं, "येतंय का पवायला?" तिनं मान हलवली. "मग ये की." ती पायऱ्यांवर बसून राहिली, पण मार्क द्यायचं काम तिच्याकडे आलं आणि तिनं ते कडक केलं. एकालाही आठच्या वर नाही.

दुपारी मेणवली. वाईपासून जेमतेम तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, मागे अर्धचंद्राकृती घाट आणि घाटावर देवळाशेजारी टांगलेली प्रचंड घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधून आलेल्या घंटांपैकी ही एक. चित्रपटांची चित्रीकरणं होऊन होऊन घाट आता सगळ्यांच्या ओळखीचा झालाय, फोटो काढणाऱ्यांची रीघ होती. आम्ही फार रेंगाळलो नाही.

वाईबद्दल मला जे सगळ्यांत भारी वाटतं ते मात्र फोटोत येत नाही. मराठी विश्वकोश या गावात तयार झाला. मुंबईत नाही, पुण्यात नाही, इथे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे त्याचे पहिले प्रमुख संपादक. ते विद्यार्थी म्हणून नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांच्या प्राज्ञपाठशाळेत आले आणि वाईकरच झाले. विनोबाही काही काळ इथेच शिकून गेले. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. मला त्यातली एकच गोष्ट घोळवावीशी वाटते: या गावातल्या एखाद्या पोराला शेजारचे काका ऑफिसात काय करतात विचारलं, तर ते म्हणत असतील, "'क' चालू आहे." खगोलशास्त्रापासून खेकड्यापर्यंत सगळं जग आपल्या गल्लीतून सायकलवर ऑफिसला जातंय हे बघत वाढणं म्हणजे काय असेल!

संध्याकाळी व्याख्यानाला गेलो. मे महिन्यात वाईत वसंत व्याख्यानमाला असते. वक्ते बरे होते, विषय अर्थव्यवस्था. श्रोते मात्र फर्मास. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी मध्येच आकडा दुरुस्त केला. मागे पोरं भिंतीवर बसली होती, अर्धं लक्ष इकडे, अर्धं शेंगदाण्यांकडे. कुणी त्यांना उठवलं नाही. यातल्या एखाद्याच्या कानात काहीतरी पडून राहतं. माझ्या पडलं होतं. दहाव्या वर्षी आमच्या गावात एका व्याख्यानात ऐकलेला 'चलनवाढ' हा शब्द मी पुढे दोन वर्षं कुठेही वापरायचो.

रविवार

सातारा, रहिमतपूर करत औंध. उन्हानं रस्ता पांढरा पडला होता. शेवटच्या टप्प्यात लांबूनच यमाईचा डोंगर दिसतो.

औंध हे आज बघितलं तर एक मोठं खेडं आहे, पण ते संस्थान होतं. शेवटचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हा अजब माणूस. स्वतः चित्रकार, कीर्तनकार, आणि सूर्यनमस्कारांचा इतका अभिमानी की संस्थानातल्या शाळांत ते सक्तीचे केले. १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्यानं घटना करून त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली. आटपाडीजवळ बिनभिंतींची कैद्यांची वसाहत काढली ती याच काळात. आणि डोंगराच्या अंगावर १९३८ मध्ये चित्रसंग्रहालय बांधलं.

श्री भवानी चित्रसंग्रहालयात आम्ही दोन तासांसाठी शिरलो आणि दुपार तिथेच गेली. बाहेर भाजत होतं, आत गारवा. उजेड वरून येतो, त्यामुळे चित्रावर झगझग नाही. राजा रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत, युरोपातल्या नामांकित चित्रांच्या हुबेहूब नकला आहेत, हस्तिदंताचं आणि चंदनाचं कोरीवकाम आहे. आणि एका जागी हेन्री मूरचं दगडातलं 'आई आणि मूल'. विसाव्या शतकातल्या थोर इंग्रज शिल्पकाराचं काम, खटाव तालुक्यात.

माझ्या दृष्टीनं या प्रवासातली ही सगळ्यांत महत्त्वाची जागा, आणि इथेच मी सगळ्यांत जास्त बोललो. औंधच्या शाळेतलं पोरगं, पाटी दप्तरात, अनवाणी, डोंगरावर चढून येतं आणि रविवर्म्यासमोर उभं राहतं. पुन्हा उद्या येतं. शहरातलं संग्रहालय बघायला मुलं सहलीतून येतात, रांगेत, बाईंच्या शिट्टीवर, जन्मात एकदा. इथे ते घराशेजारी आहे. साने गुरुजी काही काळ औंधच्या शाळेत होते, ग. दि. माडगूळकरही इथे शिकले. दोघेही गरिबीत, आणि दोघेही संग्रहालय होण्याआधीचे, म्हणजे त्याचं श्रेय इमारतीला देता येणार नाही. पण इमारतीआधी तिच्यामागचा राजा होता, आणि त्याचं कीर्तन ऐकायला तिकीट नव्हतं.

"एका लहरी राजाचं गाव म्हणजे सगळी लहान गावं नव्हेत," बायको म्हणाली. "राजा नसता तर?"

तर यमाई आणि तिची यात्रा. मान्य. पण मग मी तिला औंधच्या संगीत महोत्सवाचं सांगितलं. तो राजानं नव्हे, गवयानं चालू केला. अंतूबुवा जोशी यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये सुरू केलेला हा उत्सव पुढे त्यांचे चिरंजीव गजाननबुवांनी चालवला आणि तो अजून दर आश्विनात होतो. मोठमोठे गाणारे इथे येऊन गायले आहेत, या एवढ्याशा गावात, समोर सतरंजीवर अर्धी झोपलेली पोरं. गाणं ऐकत झोपी जाणं हा गाणं शिकण्याचा एक उत्तम मार्ग आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. बायको हसली, पण खोडून काढलं नाही.

लेक मूरच्या शिल्पाजवळ बराच वेळ होती. तिथल्या शिपाईकाकांनी तिला विचारलं, "काय दिसतं सांग बघू?" ती म्हणाली, "आईला चेहराच नीट नाहीये, पण तिनं धरलंय घट्ट." काका म्हणाले, "हात लावू नको, पण मागनं बघ. मागनं अजून कळतंय." ते तिला मागे घेऊन गेले. तिथे नेमकं काय बघितलं ते दोघांनीही आम्हाला सांगितलं नाही.

रात्री विट्याला मुक्काम. लॉजच्या दारात तमिळनाडू, केरळ, उत्तर प्रदेशच्या नंबरांच्या गाड्या. विटा-खानापूर-आटपाडी भागातली गलाई करणारी, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारी माणसं देशभर पांगलेली आहेत आणि मे महिन्यात लग्न-यात्रांना गावी येतात. शेजारच्या खोलीतली पोरं आपसात तमिळ बोलत होती आणि आजीशी माणदेशी. रात्री अकरापर्यंत जिन्यावर दंगा.

सोमवार

कुंडलवरून किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावात जागा सोडावी लागली तेव्हा कालच्याच बाळासाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला. १९१० साली निवडुंग तोडून, साप मारून तिथे वसाहत उभी राहिली आणि लोखंडी नांगर निघू लागले. पुढे स्टेशनालाही वाडीचं नाव मिळालं. कारखाना आतून बघायचा तर आधी परवानगी लागते, ती आमच्याकडे नव्हती, म्हणून बाहेरूनच सरळ रेषेत लावलेली झाडं बघितली. कुंडलात प्रतिसरकारच्या आठवणी जागोजाग आहेत. तो वेगळ्याच लेखाचा विषय आहे. उसाचा रस प्यायलो आणि निघालो.

दुपारी मिरज. शिरतानाच बायको म्हणाली, "हे कुठलं लहान गाव? महापालिका आहे." सांगली-मिरज-कुपवाड अशी एक महापालिका आहे हे खरं. पण पेठेत चालायला लागल्यावर दहा पावलांत कुणीतरी कुणाला तरी हाक मारतं, ही माझी व्याख्या. तिनं ती टिपून घेतली, नंतर माझ्यावरच उलटवायला.

संध्याकाळी मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, त्यांची कबर इथेच आहे. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं आणि गाणारे हजेरी लावायला येतात. तेव्हा ऐकायला कुणीही बसावं. आता फक्त आवारात पोरं क्रिकेट खेळत होती आणि चेंडू थडग्यांकडे गेला की चपला काढून आणत होती.

मंगळवार

सतारमेकर गल्लीत सकाळी दहाला दुकानं उघडतात. एकोणिसाव्या शतकात इथल्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांनी, तंतुवाद्यं करायला घेतली. फरीदसाहेब त्यातले पहिले म्हणून ओळखले जातात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

एका दुकानाच्या पायरीवर लेक थांबली. आत भोपळे टांगलेले होते, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं येतात ते, काही माझ्या डोक्याच्या दुप्पट. कारागीर वर न बघता म्हणाले, "आत ये की पोरी. दारात उजेड अडतोय." बस्स, एवढंच आमंत्रण.

ते तंबोऱ्याची जवारी काढत होते, म्हणजे तारेतला झंकार जमवत होते. तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी तक्त्यावर, रुंद, चपटी घोडी असते आणि तारा तिच्यावरून जातात. घोडीचा माथा दिसायला सपाट, पण त्याला अगदी सूक्ष्म उतार हवा. त्यांनी तार बाजूला सारली, कानस दोनदाच फिरवली, भुकटी फुंकली, तार जागेवर आणली, छेडली. बद्द आवाज. मग तारेखाली पांढऱ्या सुताचा तुकडा सरकवला आणि नखानं पुढे-मागे करू लागले. केसभर पुढे, आवाज मुका. केसभर मागे, आणि एकाएकी तारेतून मधमाश्यांचा थवा उठावा तसा झंकार फुटला. लेकीनं दचकून त्यांच्या हाताकडे बघितलं. सूत जागचं हललं होतं ते तांदळाच्या दाण्याइतकंही नाही.

"तू कर," ते म्हणाले, आणि तिनं केलं. दहाएक मिनिटं. कधी सापडायचं, कधी निसटायचं. तिला ना त्यांनी नाव विचारलं ना इयत्ता. मी बायकोकडे बघितलं. तिनं मला बघितलंच नाही असं केलं.

मग तिनं कारागिरांना विचारलं, "मुली करतात का हे काम?"

"घरात पॉलिशला वगैरे हात लावतात. दुकानात नाही बसत." त्यांनी तार पुन्हा छेडली, जरा ऐकली आणि आतल्या दाराकडे तोंड करून ओरडले, "झालं का गं?"

पडद्यामागून भांड्यांचा आवाज थांबला. "नाही अजून. पंचम बघा, बसलाय."

त्यांनी निमूट कानस उचलली. "कान तिचाच," आम्हाला म्हणाले. "लहानपणापासनं इथंच लोळत होती ना."

लेकीला तंबोरा हवाच होता. त्यांनी विकायला साफ नकार दिला. कुणाकडे शिकतेस, पट्टी कुठली, काहीच माहीत नाही तर मी कसला देऊ? बायकांच्या आवाजाचा निराळा असतो, पुरुषांचा निराळा. आधी गुरू कर, मग फोन कर. तिच्या हातात त्यांनी सुताचं छोटं रीळ ठेवलं आणि पैसे घेतले नाहीत.

इस्लामपूरवरून पेठ नाक्याला हायवेला लागेपर्यंत लेक मागच्या सीटवर झोपली होती. पुढे आम्ही दोघं मात्र पडद्यामागून आलेलं ते "पंचम बघा" आपापल्या बाजूचा पुरावा म्हणून वापरत भांडत होतो.